साखळीला बांधलेला पेला

बडोदे, १४ मे, संध्याकाळ

आज मी काय केलं हे! बाबा गेल्यावर त्यांच्या नावानं दारासमोर वॉटर कूलर लावला, ती कल्पना कुवेतचीच. तिथे रिफायनरीत होतो तेव्हा वाटेवर एक म्हातारे कुवेती आपल्या बंगल्याबाहेर असाच कूलर चालवायचे, वारलेल्या आईच्या नावानं. साखळीला बांधलेला पेला. "हा सदका आहे, देवासाठी केलेलं दान, पिणाऱ्याचं तोंड पाहायचं नसतं," म्हणायचे. अठरा वर्षं प्यायलो. मी हिंदू, परका. कोण, कुठला, एकदाही विचारलं नाही. फक्त त्यांच्या राष्ट्रीय दिनाला मी हौसेनं झेंड्याचा मफलर घातला, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलानं हसत हसत तो माझ्या गळ्यातून काढला. "हा आमचा." पाणी सगळ्यांचं, झेंडा त्यांचा. अजून सलतं ते.

आणि आज? घामानं निथळणाऱ्या एका मजुरानं पेला भरून घेतला आणि ओट्यावरून मी गुजरातीत हटकलं, "क्यांनो छे?" कुठला तू? का विचारलं? सहज? छे, सहज नव्हतं ते.

"बाहर का हूँ, सेठ," म्हणाला. भरलेला पेला न पिताच ओतून निघून गेला.

हाक मारायला हवी होती. मी नुसता त्या हलणाऱ्या साखळीकडे बघत बसलो.