‘गेले’ आणि ‘परत आले’

४ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकले! मोठ्या डॉक्टरांनी शेवटी मान डोलावली. आजपासून इमर्जन्सीत हृदय बंद पडून येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद माझ्याकडे. छाती दाबायला सुरुवात कोणी केली, शॉक कधी दिला आणि शेवटी काय झालं.

खरी मेख त्या शेवटच्या रकान्यात आहे. सगळे ‘परत आले’ लिहून मोकळे होतात. म्हणजे हृदय पुन्हा चालू झालं, पेशंट वर आयसीयूत पाठवला, आपण हात झटकले. वर त्याचं काय झालं? कोणाला पत्ता नाही!

मी स्पष्टच म्हणाले, "सर, ‘परत आले’ हा निकाल नाही. माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला की नाही, हा निकाल." सर हसले. "कंबर कसलीच आहे सिस्टर, तर करा." करणारच. या कामात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. स्वतःच्या वहीत लिहायला कसली लाज?

६ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "माझं बरं आहे बाई. गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचता आली की चष्मा पास. तुझे निकाल फार लांबचे."

११ फेब्रुवारी

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं आज.

घरी गेलेल्यांना दोन-तीन दिवसांनी फोन करून विचारपूस करायची — कल्पना माझीच. वरून निकाल आणून भरायचं काम दुपारच्या पाळीच्या सिस्टरकडे दिलं होतं. तिला आम्ही काटकसर म्हणतो, कारण ती अक्षरंसुद्धा वाचवते. एका नावापुढे तिने लिहिलं होतं ‘गेले’. मी फोन लावला. बायकोने उचलला.

"आता कसे आहेत ते?" मी अगदी उत्साहाने.

"ते गेले हो."

"हो ना, घरी गेले, म्हणून तर विचारतेय! चालतात ना? जेवण जातं ना?"

बाई हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ते वारले."

काय माफी मागितली ते आठवत नाही. फोन ठेवला आणि काटकसरला फैलावर घेतलं. "गेले म्हणजे कुठे? घरी की वर?" तर ती म्हणते, "अहो, गेले म्हणजे गेलेच ना!" तिचं तरी काय चुकलं? मला घरी गेलेली माणसं हवी होती, म्हणून मी तसं वाचलं. दिवसभर त्या बाईंचा आवाज कानातून जाईना.

१२ फेब्रुवारी

वटहुकूम काढला. ‘गेले’ बंद! ‘घरी’ लिहा नाहीतर ‘मृत्यू’ लिहा. कागद भिंतीवर चिकटवला. तासाभरात खाली पेन्सिलीने कोणीतरी खरडलं — ‘चहाला गेलेल्यांचं काय लिहायचं?’ अक्षर डॉक्टरचंच, धड वाचता येत नव्हतं. हसू आलं. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

त्याच बाईंचा फोन. मी उभीच राहिले. वाटलं, आता खरडपट्टी निघणार — आणि निघायलाच हवी.

पण नाही. म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. कोणाला विचारावं कळत नव्हतं. गाडी येईपर्यंत त्यांची छाती मीच दाबत होते. अँब्युलन्सवाले फोनवर सांगत होते तशी. आतून कडकन आवाज आला. सिस्टर, मी नीट दाबलं होतं का?"

नोंद काढली. सुरुवात कोणी केली — पत्नी. त्यापुढे — परत आले.

"बरगडी नीट दाबणाऱ्याच्या हातूनही मोडते," मी म्हणाले. "आमच्याही हातून मोडते. तुम्ही नीट दाबलंत. म्हणून तर ते परत आले."

तोंडातून निघून गेला तोच शब्द! ज्याला मी कवडीची किंमत देत नव्हते तो.

बाई म्हणाल्या, "चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी बोलले. म्हणाले, अगं केस विंचर, काय अवतार केलायस! मग मी त्यांच्यासमोर बसून विंचरले." आणि हसल्या. मग रडल्या. मीही.

१७ फेब्रुवारी

सरांना सांगितलं, दोन्ही रकाने ठेवू. ‘परत आले’ही आणि ‘घरी’ही. सर म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच तर म्हणत होतात—"

"म्हणत होते. आता हे म्हणतेय."

ठेवले!

२३ फेब्रुवारी, रविवार

आज चिमणीला शिकवायला घेतलं. कॉलेजात गेली तरी आम्हाला ती चिमणीच. सोफ्याची कडक उशी जमिनीवर ठेवली. हे लगेच शेजारी आडवे. "उशी कशाला? मी आहे की!" म्हटलं, उठा, धडधाकट माणसाची छाती दाबायची नसते. मग तिथेच मांडी घालून पोरीला चिडवत बसले.

"आई, हात दुखले."

"दुखू देत. कोणी येईपर्यंत थांबायचं नाही. कोपरं सरळ."

"उशी परत आली का गं?" हे मधूनच.

"आली!" चिमणी ओरडली, आणि उशी तिने बापाच्या डोक्यात घातली. हसून हसून पोट दुखलं. पण पोरगी शिकली हं. माझा हात आहे तिचा.

१ मार्च

ह्यांना आणलं. घरून.

मी ड्यूटीवरच होते. काटकसरने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला बाजूला केलं. नोंद तिने केली. अक्षर न वाचवता, पूर्ण. सुरुवात कोणी केली — मुलगी. निकाल — परत आले.

आता वर आहेत, दाराच्या पलीकडे. पुढचा रकाना कोरा आहे. त्यात काय काय येऊ शकतं ते माझ्याइतकं इथे कोणाला माहीत आहे?

चिमणी शेजारी बसलीय, हात मांडीखाली दाबून. आत्ता विचारलं तिने, "आई, मी नीट दाबलं ना?"

नीट दाबलंस बाळा. परत आले.