धक्क्यावरची आठ मिनिटं

स्टुडिओ,
ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातलं यंत्र तू पुन्हा डबीत ठेवून दिलंस, याचं नवल वाटलं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि येत होतं तेव्हाही तू कुणाचं ऐकत नव्हतीस, तेव्हा आपलं पत्रच बरं. गुडघ्याचं काय केलंस? जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचल्यास, आता स्वतःला एक टोचून घ्यायची तर म्हणे पुढच्या महिन्यात बघू.

इकडे मी डार्करूम मोडायला काढली आहे. एन्लार्जर फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेईना. शेवटी भंगारवाल्याने तो काट्यावर चढवला, तेव्हा मी काहीतरी शोधतोय असं दाखवून आत निघून गेलो. आणि खरोखरच सापडलं. कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात माझे पहिलेवहिले रोल. त्यातल्या एका पाकिटावर माझ्या कोंबडीच्या पायांनी लिहिलंय: धक्का, संध्याकाळ, आठ मिनिटं. तारीखही आहे. छत्तीस वर्षं झाली. मी सोळाचा होतो.

तुला आठवत असेल, तेव्हा मला या प्रकाराचं वेडच लागलं होतं. भिंगासमोर काळी काच लावायची, शटर उघडायचं आणि मिनिटंच्या मिनिटं उघडंच ठेवायचं. लाटा हलतात म्हणून पुसल्या जातात आणि समुद्राचं दूध होतं. जे हलतं ते जातं, जे थांबतं ते उमटतं. घरात सगळ्यांना पकडून मी हे ऐकवायचो. बाबांनाही ऐकवलं होतं. ते डोळ्याचं भिंग न काढता कुणाच्या तरी घड्याळात चिमटा घालून नुसतं हं हं करत होते. पण सेकंदकाटा अंधारात चमकणारं ते जुनं घड्याळ त्यांनीच दुरुस्त करून मला दिलं. ही आठ मिनिटं त्यावरच मोजली आहेत.

रोल त्यांनी घर सोडलं त्याच आठवड्यातला. धुतला आणि डब्यात टाकला, छापायची इच्छा झाली नाही. आता स्कॅन करून कॉम्प्युटरवर पाहिला आणि सांगतो ताई, एवढा चांगला फोटो मी पुढे कधी काढला नाही. थोडी बुरशी आहे, ती जाईल. फक्त गोदामाच्या काळ्या भिंतीसमोर एक फिकट डाग आहे. तो कसला ते मला पक्कं आठवतं. मध्येच कुणीतरी येऊन नेमका माझ्या चौकटीत उभा राहिला. खाऱ्या तुषारांनी काचा भरतात म्हणून चष्मा खिशात होता, त्यामुळे मला नुसता एक ठिपका दिसत होता. वर पठ्ठ्याने हातही केला. मी चिडून हात झाडून चालता हो म्हणून खुणावलं. गेला बिचारा.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना हा फोटो भिंतभर हवा आहे. लोक तोंड उघडायच्या आधी जिथे घाबरून बसतात, त्या खोलीसाठी. डाग ठेवू की काढू? तुझ्यासाठीही एक छापतो.

नाव ठेवायला का होईना, पण उत्तर लवकर लिही.

तुझा,
ढापण्या

⁂

घरून,
ता. ११ मार्च

चि. ढापण्यास,
अनेक उ. आ.

पत्र मिळालं. डार्करूम गेली, बरं झालं. त्या औषधांच्या वासाने तुझी बायको वीस वर्षं नाकाला पदर लावून हिंडली, तिच्या नाकाला तेवढीच विश्रांती. गुडघा आहे तसाच आहे. यंत्र लावलं की शेजारणीचं सगळं ऐकू येतं, म्हणून लावत नाही.

फोटोचं विचारलंस म्हणून लिहिते. तो डाग काढून टाक. डॉक्टरांनी पैसे मोजून समुद्र घेतला आहे, त्यात उपरा माणूस कशाला? तुला हल्ली सगळं पुसता येतं म्हणतोस, मग हेही पूस आणि मोकळा हो. उगाच मोठं करून बघत बसू नकोस. डोळ्यांना ताण होतो, मोतीबिंदूचं निघालंय ना तुझं?

आणि काम झालं की निगेटिव्ह माझ्याकडे पाठवून दे. तुझ्याकडे राहिली तर पुन्हा डब्यात जाईल. माझ्याकडे आईच्या कागदांबरोबर नीट राहील. मला छापील फोटो नको, भिंतीवर जागा नाही.

बाकी नवीन काही नाही. आईची खोली भाड्याने द्यावी असं सगळे म्हणतात, माझं मन होत नाही. सांगितलं तेवढं कर आणि कळव.

तुझी,
ताई

⁂

स्टुडिओ,
ता. १९ मार्च

ताई,
नमस्कार.

तू सांगितलंस तसंच करायला बसलो होतो. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. चार वर्षांपूर्वी आईच्या फोटोतली कपाळावरची खोक मी पुसली, तर तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. आईला खोक होती, ती खोकेसकटच आई होती, असं लिहिलं होतंस. तीच तू आता पूस म्हणून मागे लागतेस, तेही न बघता पूस म्हणतेस. छत्तीस वर्षांत माझी एक निगेटिव्ह तुला कधी हवीशी वाटली नव्हती.

म्हणून पुसायच्या आधी मी भिंतीचा अंधार थोडा उजळला.

तो एक डाग नाही, दोन आहेत. मोठा बराच स्पष्ट आहे. आठातली सहा मिनिटं तरी तो माणूस जागचा हलला नसणार. चेहरा नाही, नुसता पांढुरका आकार आहे. पण डावा खांदा खाली आणि मान उजवीकडे. पंचवीस वर्षं डोळ्याला भिंग लावून एका बाजूला वाकून बसणारा माणूस उभा राहिला की असाच राहतो. मला चेहऱ्याची गरज लागली नाही.

त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्याइतकी उंच, दुसरी आकृती. धुरासारखी विरळ, मिनिटभर उभी असेल. इतक्या थोड्या वेळात साधे कपडे काळ्या भिंतीसमोर उमटले नसते. पांढरेशुभ्र होते म्हणून उमटले. त्या महिन्यात तू दवाखान्यात नवी लागली होतीस. त्या संध्याकाळी ड्यूटीवरून तशीच, कपडे न बदलता, आईचा निरोप घेऊन बाबांना बोलवायला गेली होतीस. परत येऊन तू सांगितलंस की गोदामामागे त्यांच्या ज्या मित्राकडे ते राहायचे त्याच्या खोलीला कुलूप आहे, ते आधीच निघून गेलेत.

ताई, ते कुलूप मला तोंडपाठ आहे. आई दर दोन-चार महिन्यांनी विचारायची, कुलूप कसलं होतं, आणि तू सांगायचीस. आधी नुसतं कुलूप होतं. मग पितळी झालं. मग दाराखाली वर्तमानपत्र सरकवलेलं आलं. तू इतकं छान सांगायचीस की मला ते दार दिसायचं. आणि आई म्हणायची, माझा निरोपच पोचला नाही, पोचता तर आले असते. नऊ वर्षांनी दुसऱ्या कुठल्या बंदरातून ते वारल्याचं पोस्टकार्ड आलं, त्यानंतरही ती हेच म्हणायची. शेवटच्या आजारात तुझ्याच हातून औषध घेताना म्हणायची.

तिला तू वाट बघत ठेवलंस आणि वर तिची सेवा करून नाव कमावलंस. मला एवढंच सांग, तू त्यांना काय म्हणालीस?

निगेटिव्ह माझ्याकडेच राहील.

धाकटा

⁂

घरून,
ता. २६ मार्च

धाकट्यास,
आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

विचारलंस, सांगते. आईचा निरोप होता: दार उघडंच आहे, कुणी काही विचारणार नाही, जेवायला या. मी त्यांना सांगितलं: आईने कळवलंय, पुन्हा घरी येऊ नका.

तू लहान होतास, तुला ते रुसून जायचे एवढंच माहीत. ती चौथी खेप होती. भाजीत मीठ कमी पडलं, हिशेबाची वही जागेवर नव्हती, कसलंही निमित्त पुरायचं. मग दहा-पंधरा दिवस पत्ता नाही. आई निरोपावर निरोप धाडायची आणि ते जावयासारखे परत यायचे. तुला टायफॉइड झाला होता तेव्हाही ते घरात नव्हते. त्या दिवशी आईने तो निरोप माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, एक शब्द चुकू नये म्हणून. तिचं ते तोंड मला बघवलं नाही. स्वतःच्या घरात यायला ज्याला आमंत्रण लागतं, त्याला एकदा तरी दार बंद मिळू दे, असं मला वाटलं. आठवडाभर झुरतील, सुधारतील, मग मीच जाऊन आणीन, असा माझा हिशेब होता. बाविसाव्या वर्षी माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. आठवड्याने मी गेले तेव्हा खोलीला खरंच कुलूप होतं. ते पितळीच होतं, आणि वर्तमानपत्रही होतं. त्यातलं काही मी रचलेलं नाही, फक्त दिवस बदलला.

आईला मी फसवलं. चार वर्षं झाली, रोज तिच्या खोलीत दिवा लावायला जाते आणि तिथे पाय ठरत नाही. तुझ्याकडून हे ऐकायची मला गरज नव्हती.

मी थांबणार होते इथेच. पण तू लिहिलंस की सेवा करून नाव कमावलं. ते वाचून मी दोन दिवस पत्राला हात लावला नाही. आता घेतलीच आहे लेखणी हातात, तर पुढचंही ऐक.

माझं ऐकून बाबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं की धाकट्याचंही असंच म्हणणं आहे का. तू समोर खडकांवर स्टँड लावून उभा होतास. मी म्हटलं, तो तिथेच आहे, त्यालाच विचारा तुम्ही त्याला हवे आहात का. आणि चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.

पुढे काय झालं ते मला माहीत नव्हतं. तू घरी आलास, बाबा कुठे दिसले नाहीत म्हणालास. मी समजले, ते तुला न विचारताच गेले. म्हणजे त्यांनाच यायचं नव्हतं, माझ्या एका वाक्याने काही बिघडलं नाही. या समजुतीवर मी छत्तीस वर्षं रात्री झोपले. ती तुझ्या चार मार्चच्या पत्राने गेली. त्यांनी विचारलं होतं. हात करून विचारलं होतं.

डाग पूस, मोठं करून बघू नकोस, निगेटिव्ह मला दे, हे मी कुणासाठी लिहिलं असेल असं वाटतं तुला? माझं पाप मला पाठ आहे, त्याला फोटो लागत नाही. तुला ते कळू नये एवढीच धडपड होती. तेवढंही तू मला करू दिलं नाहीस.

औषधं वेळेवर घे.

ताई

⁂

स्टुडिओ,
ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लवकर उत्तर लिहू शकलो नाही. मागच्या पत्रातलं ते एक वाक्य मागे घेतो. घेऊन उपयोग नाही, हे ठाऊक आहे.

डॉक्टरांचा फोटो देऊन टाकला. डाग काढला. वीस मिनिटं लागली, भिंत आता कोरी काळी आहे. त्यांना फार आवडला. म्हणाले, बघितल्यावर कसं शांत वाटतं. मी हो म्हणालो.

निगेटिव्ह या पत्रासोबत पाठवतो आहे. आईच्या कागदांत ठेव नाहीतर जाळ, मी विचारणार नाही. त्यात शोधायला गेलीस तर त्यांचा हात सापडणार नाही. वर केलेला हात दोन-चार सेकंदांचा, तेवढ्याने फिल्मवर काही येत नाही. माझा हातही नाही. मी कॅमेऱ्यामागे होतो.

काल दुपारी स्टुडिओचं दार लावून भिंतीशी उभा राहिलो आणि त्यांच्याच घड्याळावर सहा मिनिटं मोजली. न हलता उभं राहायला फार असतात ताई. तीन मिनिटांनी पाय अवघडतात, चौथ्याला खांदा खाजतो. धक्क्यावरून माझ्यापर्यंत चालत यायला दोन मिनिटं पुरली असती. इतके दिवस मी हेच धरून बसलो होतो की ते का आले नाहीत, आले असते तर मी ओळखलं असतं, हात झाडला नसता.

ते का आले नाहीत, ते काल मोजताना कळलं. मी चिमटा आणि भिंगाच्या मध्ये घुसून त्यांना जे शिकवलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं. शटर उघडं असताना चालत आलं तर फोटो बिघडतो. माझा फोटो होईपर्यंत ते थांबले होते. झाला का, एवढंच त्यांनी शेवटी हात करून विचारलं.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही. उरला असेल तेवढा असू दे.

तुझा,
ढापण्या