चकती तुझ्याकडे येते तेव्हा

प्रिय नीलो,

हे पत्र तुझ्या उशीवर ठेवते आहे. फ्रिजवर चिकटवलं असतं तर तू वाचलं नसतंस. तिथे ‘दूध आण’ ही चिठ्ठी नऊ दिवस लटकते आहे. तुमची बस रविवारी दुपारी परत येईल आणि सोमवारी दहा वाजता तुला सही करायची आहे, इथेच आणखी दोन वर्षं की हेलसिंकीच्या त्या मोठ्या क्लबाकडे. त्याआधी तुला काही गोष्टी कळायला हव्यात. तोंडावर सांगायला गेले तर मी मध्येच कॉफी ओतायला उठेन आणि हवापाण्यावर बोलत बसेन, हे आपल्या दोघांनाही चांगलं ठाऊक आहे.

पहिली गोष्ट अशी की मी चर्चच्या गायकमंडळात नाही. कधीच नव्हते. माझ्या गाण्याचा सराव नेमका तुमचा इथे सामना असतो त्याच दिवशी कसा असतो, आणि तो आटोपून आलेल्या बाईच्या कोटाला सॉसेजचा आणि मोहरीचा वास का येतो, याचं तुला एकदाही नवल वाटलं नाही? बर्फावर खेळताना म्हणे तुला पाठीमागचंही दिसतं. घरात नाकासमोरचं दिसत नाही. एकतीस वर्षं माझ्याकडे मोसमाचं तिकीट आहे, तिसरा स्टँड, सहावी रांग, खांबाच्या शेजारची खुर्ची. तुझा इथला एकही सामना मी चुकवलेला नाही. मला ताप होता त्या बुधवारीसुद्धा गेले होते.

मग मी खोटं का बोलले? तू माझ्याकडे खोली घेतलीस त्या सप्टेंबरातला तो गुरुवार आठव. आदल्या दिवशी तुझा इथला पहिला सामना झाला होता. मी गुरुवारचं वाटाण्याचं सूप केलं होतं आणि तू वडिलांशी फोनवर बोलत होतास. म्हणजे ते बोलत होते, तू नुसता ‘हो’ म्हणत होतास. बावन्न मिनिटं! सूपवर साय धरली. तिकडे उत्तरेत बसून त्यांनी तुझी एकेक चूक वेचून काढली असणार. फोन ठेवलास, चमचा हातात धरून बसलास आणि मला विचारलंस, “हिल्का, तुम्ही हॉकी बघता का?” मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, “छे रे. कोण कुठल्या जाळ्यात मारतो तेसुद्धा मला कळत नाही.” तू असा श्वास सोडलास की मला वाटलं, खिडकी उघडली. तीन वाडगे सूप प्यायलास, वर सगळे पॅनकेक. तेव्हापासून मी गाते आहे.

स्टँडमध्ये माझ्या उजव्या हाताला रेइनो बसतो, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. आजवर त्याने कोणत्याही खेळाडूला ‘ठीक आहे’च्या वर चढवलेलं नाही. डावीकडे किराणा दुकानाच्या गल्ल्यावरची ताइमी. नोव्हेंबरात एकदा रेइनो आपणहून म्हणाला, “पोरगं चांगलं आहे.” ताइमीने सॉसेज बाजूला ठेवून विचारलं, “रेइनो, तब्येत बरी आहे ना? डॉक्टरला बोलवू?” तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या सामन्याला म्हणाला, “चांगलं म्हणजे खूपच चांगलं.” तेव्हा कोणी हसलं नाही.

गोल मारणाऱ्याचं कौतुक करणं सोपं असतं, उठायचं आणि ओरडायचं. तू बचावपटू. तू असलास की आपल्या जाळ्यासमोर काही घडतच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीला टाळ्या कशा वाजवायच्या ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. पण ती रबरी चकती आपल्या जाळ्यामागे तुझ्याकडे येते, समोरून दोन धटिंगण तुझ्यावर धावून येतात आणि तू काहीच करत नाहीस, नुसता थांबतोस, तेव्हा काय होतं ते तुला तिथून दिसणार नाही. माणसं खायची थांबतात. ताइमी माझी बाही धरते. दोन हजार लोक श्वास रोखून बसतात, कारण आता हा काय करणार हे कोणालाच सांगता येत नाही. आणि मग चकती त्या दोघांच्या मधून निघून अशा माणसाकडे जाते, जो तिथे असल्याचं आम्हाला वरून दिसत असूनही कळलेलं नसतं. तू नेमकं बघतोस तरी काय? रेइनो म्हणतो, ते कोणत्या पायावर भार देतात ते बघतो. ताइमी म्हणते, खांदे बघतो. परवा मध्यंतरात यावरून दोघांचं असं वाजलं की कॉफी गार झाली. मी म्हटलं, तो फ्रिजचं दार उघडून असाच उभा राहतो आणि शेवटी मागच्या डब्यातलं चीज काढतो, जे तिथे आहे हे मीही विसरलेली असते. माझं कोणी मनावर घेतलं नाही. पण खरंच, कधीतरी सांगशील का? मला फार उत्सुकता आहे.

आता आपल्या इमारतीतल्या सौनाची, त्या वाफेच्या खोलीची गोष्ट. जानेवारीत एका शुक्रवारी पुरुषांच्या वेळेला तू आणि रेइनो दोघंच होता. तो तुझ्याशी अर्ध्या तासात एकच वाक्य बोलला: “दगडांवर आणखी पाणी टाकू का?” तू म्हणालास, “टाका.” घरी जाऊन त्याने मला फोन केला. “हिल्का, अगं माझ्या शेजारीच बसला होता! डाव्या बरगडीवर केवढा काळानिळा डाग आहे गं. जपायला सांग त्याला. नको, सांगू नको.” आणि ताइमी. तू गल्ल्यावर आलास की ती तुझ्याकडे न बघता बटाट्यांचं वजन करते. तू बाहेर पडलास की रांगेतल्या सगळ्यांना सांगते, “आज राय धान्याचे पाव घेतले. दोन!” मग रांगेतला प्रत्येक जण जाऊन तोच पाव घेतो.

तू हसत असशील, किंवा नसशील. काल तुमची बस सुटल्यावर संघाचं सामान सांभाळणारा एइनो मला दुकानात भेटला. स्केटना धार लावताना तू त्याच्याजवळ काय बोललास ते त्याने मला सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, त्याला राहवलं नाही. “मी जातो, एइनो. इथे मी कोणालाच नको आहे. दुकानात कोणी मान वर करत नाही. आणि चकती माझ्याकडे आली की अख्खा हॉल मेल्यासारखा गप्प होतो. मी चूक करणार म्हणून वाट बघत असतात.” हे ऐकून मी टोपलीतलं सामान तिथेच ठेवून घरी आले.

तेव्हा हे पत्र कशासाठी, ते आता लिहिते. हॉलमधली शांतता त्यांची स्वतःची आहे, तिचा अर्थ मी वर सांगितला. पण रस्त्यातली, दुकानातली, सौनातली शांतता माझी आहे. त्या सूपाच्या दुसऱ्या दिवशी मी स्टँडमध्ये, दुकानात, बेकरीत, ग्रंथालयात, सगळीकडे फिरले आणि बजावलं की या पोराशी हॉकीचा एक शब्द काढायचा नाही, पाठ थोपटायची नाही, टक लावून बघायचं नाही; त्याला फोनवर ऐकावं लागतं तेवढं पुरे. तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात या गावाला जेवायला वाढलं आहे, त्यामुळे माझं ऐकतात. इतकं ऐकतील असं वाटलं नव्हतं. मला वाटत होतं, मी तुला निवांतपणा देते आहे, आणि तू सहा महिने इथे एकटा पडला होतास. चूक माझी आहे, गावाची नाही, आणि तुझी तर मुळीच नाही. माफ कर. हेलसिंकीला जायचं असेल तर जा, तिथली टीम मोठी आहे, मी स्वतः तुझी बॅग भरून देईन. पण कोणालाच नको आहेस म्हणून जाऊ नकोस, कारण ते खरं नाही. आमच्याकडे असं कोणी कोणाला सांगत नाही, मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, म्हणून एकदाच लिहिते: तू मला इथे हवा आहेस.

तुझीच,
हिल्का