फणसाची मूठ

सांडोर, वसई
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय फेबियन,

देवकृपेने आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही चंदनसारला बरे असाल. केळीचा घड उतरवलाय, त्यातला अर्धा शेजारच्या निकोलसबरोबर पाठवते. पप्पांचं खाणंपिणं ठीक आहे.

झालं ख्यालीखुशालीचं. फोनवर तू "जेनी, आधी शांत हो" म्हणतोस आणि माझं डोकं आणखी फिरतं, म्हणून कागद घेतला. कागदावर तरी तुला मध्ये बोलता येणार नाही.

पप्पांच्या रंध्याची जुनी मूठ कुठे आहे?

नाताळात तू रंधा नेलास तो "जरा गंज काढून आणतो" म्हणून. मीच मूर्ख, पेपरात गुंडाळून दिला. जेवताना तू मला शिकवत होतास, की पातं दाबणाऱ्या पट्टीतलं भोक गोल असेल तर रंधा आधीच्या घडणीचा, वालाच्या दाण्यासारखं असेल तर नंतरचा. पुढची गोल मूठ बुटकी असेल तर जुना, उंच असेल तर मागाहूनचा. पितळी चाक, तळाजवळची ओतीव अक्षरं, सगळं तू बोट लावून दाखवलंस. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, लेकाला बापाच्या हत्यारांचं कौतुक आलं.

गेल्या आठवड्यात निकोलसच्या हाती रंधा परत आला. आरशासारखा चकचकीत, सोबत तुझ्या त्या जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्र. आणि मागची मूठ शिसवाची, नवीकोरी, डौलदार. मी फोन केला तर तू अगदी सहज म्हणालास, "अगं ती ओरिजिनल नव्हती. कोणीतरी घरगुती बसवलेली. ग्रुपवर सगळे बोलले, तेवढा पार्ट चुकीचा आहे, बाकी पीस रेअर आहे."

कोणीतरी. फेबियन, त्या कोणीतरीचं आडनाव तू लावतोस.

करवतीच्या मशीनवर पप्पांची उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तेव्हा तू लहान होतास. पण त्यांचा पंजा तर तू आयुष्यभर बघितलायस. कारखान्यातून आलेली मूठ त्यांच्या उरलेल्या बोटांत फिरायची, रंधा तिरका जायचा. म्हणून त्यांनी विहिरीजवळच्या फणसाचं लाकूड घेतलं आणि आपल्या हातापुरती मूठ कोरली. आखूड, जाड, अंगठ्याखाली खळगा. त्याच मुठीने देवळाची दारं झाली. तुझं अभ्यासाचं टेबल झालं. परदेशातल्या कुठल्या कारखान्याने कुठल्या साली भोकाचा आकार बदलला हे तुला पाठ आहे. बापाची मूठ आखूड का, हा प्रश्न तुला पडला नाही. आणि तू म्हणे फरक ओळखतोस.

रंधा आला त्या दुपारी मी पूर्वीसारखी ओट्यावर फळी मांडली. तू नेईपर्यंत पप्पा रोज जेवणानंतर तासभर रंधा मारायचे. पातं आत ओढलेलं असायचं, लाकूड निघायचं नाही, पण हात चालायचा. त्यांनी मूठ धरली. सोडली. परत धरली. रंध्याकडे बघायचं सोडून ते आपल्या पंजाकडे बघत बसले. मग म्हणाले, "माझा हात गेला." मी सांगितलं, हात नाही गेला पप्पा, मूठ बदललीय, फेबियनने बदललीय. परक्या माणसाला मान डोलवतात तशी त्यांनी मान डोलवली.

त्यानंतर ते फळीला हात लावत नाहीत. निकोलसने फोटो बघून फणसाचीच दुसरी मूठ करून दिली. तो चांगला सुतार आहे, त्याने मन लावून केली. पप्पांनी ती हातात फिरवली, "छान केलीस" म्हणून त्याला परत दिली आणि आत जाऊन झोपले.

वर मी लिहिलं की पप्पांचं ठीक आहे. खाणंपिणं ठीक आहे, एवढंच खरं आहे.

पावसाळ्यापासून ते मला ओळखत नाहीत. तुला सांगितलं नाही, नाताळात आलास तेव्हाही नाही, कारण सांगायची लाज वाटली. आंघोळ मी घालते, घास मी भरवते, आणि रोज सकाळी मलाच विचारतात, "फेबियन आला काय?" तुझं नाव एक दिवस चुकलं नाही. मला ते कामाला ठेवलेली बाई समजतात. "बाई, तुमचं घर लांब हाय काय?" असं विचारतात. मी म्हणते, नाही, जवळच आहे.

फक्त दुपारी, रंधा हातात असला की, चार-दोन हात मारल्यावर वर न बघता म्हणायचे, "जेनी, मेन आन गो." लहानपणी मी देवळातले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करून आणायचे आणि रंधा सरसर चालावा म्हणून पप्पा ते त्याच्या तळाला घासायचे, आठवतं? अजून माझ्या गाऊनच्या खिशात एक तुकडा असतो. तो मी पुढे करायचे. दिवसातून तेवढ्या वेळेपुरती मी त्यांची मुलगी असायचे. तेही तू साफ करून पाठवलंस.

तेव्हा सॉरी लिहू नकोस, मला त्याचा उपयोग नाही. बाल्कनीतल्या खोक्यांत बघ. भंगारवाल्याला दिली असशील तर त्याच्याकडे जा. ग्रुपवर कोणाला दिली असशील तर त्याच्या दारात जाऊन बस. पण मूठ आण. रिकाम्या हाताने आलास तरी पप्पा तुला ओळखतील, हसतील, जवळ बसवतील. म्हणूनच रिकाम्या हाताने येऊ नकोस. ते मला बघवणार नाही.

तुझी बहीण,
पप्पांच्या लेखी कामाची बाई,
जेनी