बिनतिखट जेवण कुठे मिळेल

साउथ व्हॅली, अल्बुकर्की
४ सप्टेंबर २०१२

लॉर्ना,

तुझं पत्र पोचलं. सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण चौदा वर्षांत आपल्यात एक ओळ गेली-आली नाही, तेव्हा उगाच शब्द खर्च करत नाही. इकडे सगळं ठीक. पाटाला अजून पाणी आहे, जर्दाळूचा मोहर यंदा गारठ्याने गेला, माझे गुडघे माझ्याच वयाचे आहेत. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

तू लिहितेस की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही चौघं येताय, 'मला त्रास नको म्हणून' विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरताय, आणि मी इथलीच असल्यामुळे जेवायला कुठे जावं ते मी सुचवावं. अटी तीन. जेवण अजिबात तिखट नसावं, जागा शांत असावी, पार्किंग असावं.

आठवडा उत्तम निवडलात. त्या दिवसांत आकाशात माणसं घेऊन उडणारे गरम हवेचे फुगे असतात आणि रस्त्यांवर, माना वर करून, ते बघणारे. शांत जागा विसर. राहिलं बिनतिखट जेवण. ते मागायला अल्बुकर्कीला येण्याची गरज काय? ओहायोत सगळंच बिनतिखट असतं, असं मी ऐकून आहे.

तरी विचारलंस, म्हणून सांगते. मी सत्तावीस वर्षं या शहराच्या खानावळी तपासल्या. लोक पुढच्या दाराने आत गेले, मी मागच्या. त्यामुळे माझं मत मेणबत्त्यांवर आणि गिटारवाल्यावर ठरत नाही.

जुन्या चौकात निळ्या दरवाजाचं एक ठिकाण आहे. हॉटेलवाले तुला तिथेच पाठवतील. भिंती मातीच्या दिसतात. बोटाने वाजवून बघ, आत पोकळ आहे. दाराशी लाल मिरच्यांच्या माळा टांगल्यात, चकाकतात, कारण त्यांना वॉर्निश मारलेलं आहे. मिरचीला वॉर्निश मारणाऱ्याच्या रश्श्यात काय असणार? मैद्याची खळ. वाढणारा पोरगा 'लाल की हिरवी?' असं विचारतो खरा, पण पाहुण्यांचा चेहरा बघून उत्तर स्वतःच देतो: "वेगळ्या वाटीत देतो हं काकू, घाबरू नका." सोपापिया आली की मंडळी तिला सुरीने कापतात. फुगलेल्या गरम पुरीचा सुरीने खून करायचा आणि मग मध ताटावर पसरला म्हणून हळहळायचं.

डोंगराच्या बाजूला, काचेच्या भिंतींचं दुसरं आहे. ताट परातीएवढं, त्यात अन्न शोधावं लागतं. आचारी शिकागोचा आहे आणि हिरव्या मिरचीत आंबा घालतो. मी त्याला विचारलं, "का?" तर म्हणाला, "तिखटाला एक गोष्ट सांगायची असते, मॅडम." मी म्हटलं, "सांगू दे की मग. तू मध्ये का बोलतोस?"

तिसरं तुमच्या हॉटेलच्या समोरच, हायवेला लागून. दारात प्लास्टिकचा निवडुंग. तिथलं जेवण शहरात सगळ्यात बिनतिखट आहे, ही माझी अधिकृत शिफारस समज. आईच्या मातीला माझा भाऊ, तुझा नवरा, एलिसिओ एकटा आला आणि घर सोडून त्याच हॉटेलात उतरला, तेव्हा तो तिथेच जेवला. मला कसं कळलं? पुढच्या आठवड्यात तपासणीला गेले होते. वेट्रेस म्हणाली, "बाई, तुमच्यासारख्याच भुवयांचा एक माणूस त्या कोपऱ्यात बसला होता. ताट तसंच टाकून गेला. काही खराब होतं का हो?" मी फ्रीजचं तापमान बघितलं. बरोबर होतं.

चौथं रोमेलिआचं. फोर्थ स्ट्रीटवर, टायरच्या दुकानामागे, पाटी नाही. ते चांगलं आहे, म्हणून मी ते तुला सुचवत नाही. मागे माझ्या देखत एका पाहुणीने रोमेलिआला विचारलं, "लाल-हिरव्या दोन्हींत कमी तिखट कुठली?" रोमेलिआ म्हणाली, "ते मिरचीच्या शेताला विचारा, बाई. मी नुसती वाढते." तुझं तिथे काय होईल याची मला कल्पना करवते.

कारण तुझं आमच्या घरी काय झालं ते मला आठवतं. तू विसरली असशील. अठ्ठ्याण्णवचा नाताळ. आईने आदल्या दिवसापासून मिरच्या निवडल्या, ओल्या फडक्याने एकेक पुसली, बिया काढल्या, भाजल्या, भिजवल्या, वाटल्या, गाळल्या. तिची बोटं रात्रभर जळत होती. मक्याच्या तोर्तिया-पोळ्या त्या रश्श्यात बुडवून केलेल्या एनचिलाडा टेबलावर आल्या. आणि तू दोन्ही मुलांची ताटं उचललीस, सिंकपाशी गेलीस, नळ सोडलास आणि आईचा लाल रस्सा धुऊन टाकलास. तोर्तियांवरून, कोबी धुवावा तसा. आई टेबलाशी बसून त्या नळाचा आवाज ऐकत होती. मी एलिसिओकडे बघितलं. तो म्हणाला, "ताई, नुसतं तिखट तर आहे."

त्यावर मी त्याला काय म्हणाले ते त्याने तुला सांगितलं असेल. ते मी परत लिहिणार नाही.

तू त्याला पत्रभर एलिस म्हटलं आहेस. एलिस कोण, मला माहीत नाही. आमच्या आईने नाव एलिसिओ ठेवलं होतं. आणि सगळ्यांची आवड कळवलीस, मुलाला पास्ता, मुलीला शाकाहारी, तुला शांतता. त्याला काय हवं ते लिहिलेलं नाहीस. तो अजून सोपापियाचा कोपरा दाताने तोडून आत मध ओततो आणि मग तो मध कोपरापर्यंत ओघळतो, की आता काट्या-चमच्याने खातो, मला कल्पना नाही. मी विचारतही नाही.

तू विचारलेलं सगळं कळवलं आहे. पार्किंग निवडुंगापाशी भरपूर आहे.

ऑर्लिंडा बाका
निवृत्त खाद्यगृह तपासनीस


साउथ व्हॅली, अल्बुकर्की
१९ सप्टेंबर २०१२

प्रिय लॉर्ना,

शब्द खर्च केला आहे. त्यावर काही लिहू नकोस.

तुझं उत्तर मी उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. घशाचा कर्करोग, आणि तो वसंतात कळला. उन्हाळाभर किरणं दिली, आता तोंडात आणि घशात जखमा, दूध आणि खिमट याशिवाय काही उतरत नाही, आणि डॉक्टर पुढचं काही नीट सांगत नाहीत. बिनतिखट जेवण त्याला हवं होतं. तुला नाही.

हे पहिल्याच पत्रात लिहायला तुला काय झालं होतं? 'त्याने तुम्हाला सांगायला बंदी केली होती', हे कारण मी ऐकून घेणार नाही. एलिसिओचं ऐकून आजवर कोणाचं भलं झालंय? सात वर्षांचा असताना तो म्हणाला होता की पाटात पाणी गुडघ्याएवढंच आहे. मी त्याला केसांना धरून बाहेर काढला. तू माणूस सोडून पार्किंगबद्दल विचारत बसलीस. तुमच्याकडे यालाच सभ्यपणा म्हणत असतील.

असो. तू लिहितेस की त्याला मिरची भाजायच्या दिवसांतच इथे यायचं आहे, खाता येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, पण म्हणतो, "वास घ्यायला घसा लागत नाही." हा मूर्खपणा आहे. जाळीचं पिंप ज्वाळेवर फिरायला लागलं की धडधाकट माणूसही खोकून बेजार होतो. तुझ्यासारखीला हे कळणार नाही, म्हणून मिरच्या भाजून देतात त्या किराणा दुकानाच्या आवारात मी जाऊन बघून आले. सकाळी वारा नदीकडून येतो. पश्चिमेच्या फाटकापाशी गाडी लावायची, काच चार बोटं खाली, त्याहून नाही. तिथे वास येतो, धूर येत नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहून खात्री केली. भाजणाऱ्याने दोनदा विचारलं, "बाई, पोतं घेताय की नुसता वास?" मी म्हटलं, "नुसता वास. काही अडचण?"

मग रोमेलिआकडे गेले. म्हटलं, माझ्या भावासाठी लाल एनचिलाडा बिनतिखट करून देशील का.

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "ऑर्लिंडाबाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. करशील का?"

"वीस वर्षं माझ्या बीन्समध्ये थर्मामीटर खुपसलात, आता रश्श्यात पाणी घालायला आलात?"

"थर्मामीटर खुपसला म्हणून तुझं दुकान अजून उघडं आहे."

"ते खरं," ती म्हणाली. "पण बिनतिखट लाल मला येत नाही, बाई. मिरचीतून तिखट काढलं तर ते तिच्यातून जाईल कुठे?"

मी घरी आले. कुठे जातं ते मला ठाऊक होतं.

मागच्या सालची माळ खिळ्यावरून काढली. आमच्या माळेला वॉर्निश नाही. मिरच्या पुसल्या, बिया काढल्या, शिरा काढल्या, भाजून भिजवल्या, पाणी बदललं, पुन्हा बदललं, वाटल्या, गाळल्या. रस्सा केला, एनचिलाडा केल्या, ताटात घेतल्या. आणि सिंकपाशी जाऊन नळ सोडला.

घरात कोणी नव्हतं, तरी मी एकदा मागे वळून पाहिलं.

पाणी बारीक धारेचं हवं. तू जोरात सोडलं होतंस, त्याने तोर्तिया फाटते. लाल रंग गेला, तिखट गेलं, सगळं सिंकच्या तोंडाशी गोल फिरून नाहीसं झालं. मी तिथेच उभी राहून खाल्लं. मला वाटलं होतं, ओला पुठ्ठा उरेल. तसं नाही. मक्याला धरून काहीतरी राहतं; उन्हात वाळलेल्या फळाचं, थोडं मातीचं, किंचित गोड. आईच्या हाताला तोच वास यायचा. चौदा वर्षं मला वाटत होतं की तो वास सिंकमधून वाहून गेला.

माझ्या जिभेवर विसंबून चालणार नाही, ती या गावची आहे. शेजारी मिनेसोटाहून आलेली एक बाई राहते, तिला काळी मिरीसुद्धा झोंबते. धुतलेली एनचिलाडा निळ्या मक्याच्या पेजेत कुस्करून, आई आजारी माणसाला द्यायची त्या पेजेत, तिला वाटीभर दिली. तिने सगळी संपवली आणि म्हणाली, "चांगली आहे, पण यात मिरची कुठे आहे?" माझ्या स्वयंपाकाचा इतका मोठा अपमान कोणी केला नव्हता, आणि कुठल्याही अपमानाने मला इतकं बरं वाटलं नव्हतं. तरी तुमच्या डॉक्टरांना विचार. धुतलेली लाल मिरची, पेजेत, कोमट, एका वेळी अर्धा चमचा. असंच विचार. ते 'नको' म्हणाले तर नुसती पेज देईन, आणि वाटी त्याच्या नाकाशी धरेन.

आता एक गोष्ट. मी पहिल्या पत्रात ती लिहिली नाही, कारण तू विचारली नव्हतीस.

त्या नाताळच्या रात्री तू मुलांना कोट घालत बाहेरच्या खोलीत होतीस. एलिसिओ आणि मी पोर्चमध्ये होतो. आमचा आवाज तुला आला असेल. तेवढ्यात तुझा मुलगा बाह्या लोंबत्या ठेवून पुन्हा टेबलाशी आला आणि आईला म्हणाला, "अजून आहे?" मी खिडकीतून बघत होते. आई उठली. तिने स्वतः ताट वाढलं, स्वतः सिंकपाशी गेली आणि आपला रस्सा आपल्या हाताने नळाखाली धरला. बारीक धार, बोटाने हळूच चोळत, बाळाचं तोंड पुसावं तशी. ती काहीतरी म्हणत होती. काचेमुळे मला ऐकू आलं नाही. पण हसत होती.

तो जेवेपर्यंत ती त्याच्यापाशी उभी होती. मग तुम्ही गेलात. फेब्रुवारीत आई गेली.

हे एलिसिओला सांग. मी सांगितलं असतं, पण मला त्याच्यासमोर बोलायला लागलं की आधी वेगळंच काहीतरी तोंडात येतं. आणि त्याला हेही सांग की त्याच्या दुखण्याचं मला कळलं आहे, कसं कळलं ते विचारायचं नाही, आणि माझ्यासमोर बरं असल्याचं नाटक करायचं नाही. नाटक मला चौकातल्या निळ्या दरवाजापुरतंच पुरे आहे.

तर जेवायची जागा. बिनतिखट, शांत, पार्किंग असलेली. सगळ्या शहरात अशी एकच आहे. पुलावरून आलात की पाटाला लागून डावीकडे वळा, जर्दाळूचं झाड, पुढे मातीच्या भिंतींचं घर. भिंत वाजवून बघ, पोकळ नाही. अंगणात चार गाड्या राहतात. हॉटेल रद्द करा. पैसे परत देत नसतील तर मला त्यांचा फोन नंबर कळव, मी बघते. मुलीला शाकाहारी मिळेल. मुलाला पास्ता मिळणार नाही. तो मोठा झाला आहे, त्याला सांग की या घरात त्याने काय मागितलं होतं ते त्याच्या आत्याला माहीत आहे. तुझं ताट मी तिखटच करणार आहे. खाववलं नाही तर सिंक कुठे आहे ते तुला ठाऊक आहे.

नळ तोच आहे. गळत होता, काल वॉशर बदलून घेतला.

लवकर आणा त्याला.

तुझी नणंद,
ऑर्लिंडा