झऱ्यावरची बाग

अल-खोबर, ४ मार्च २०१३

ती. दादास,
अवंतीचा सा. न. वि. वि.
फोनवर सगळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र सुट्टीवर निघालेल्या नर्सकडे देतेय. माझा प्रबंध रेंगाळलेला नाही, तेव्हा चिडवू नकोस. कतीफजवळ मासूमाबाईंची खजुराची बाग आहे. झऱ्याचं पाणी कोणत्या घराला कधी, हे तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या सावली पाहून ठरवत आलीत. मासूमाबाई मला ते शिकवतात आणि माझ्या अरबीला पोट धरून हसतात.

आता ती जमीन कागदोपत्री पडीक ठरलीय. तिथून रस्ता जाणार, आणि काम गिरीशच्याच कंपनीकडे आहे; साइटवरचा इंजिनिअर तोच. सौदीतल्या नव्या नियमाने कंपन्या परदेशी माणसं कमी करताहेत, त्यामुळे त्याला नोकरीची धास्ती आहे.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, अवंती

पेण, १९ मार्च

चि. अवंतीस,
अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून तुझी वहिनी धड जेवली नाही. अभ्यास तुझा, पण नोकरी गिरीशरावांची, आणि संसार दोघांचा. काम सुरू झालं की तिकडे फिरकू नकोस. लहानपणी कुत्र्यांच्या भांडणात पडून चावून घेतलं होतंस, ती खोड अजून गेलेली दिसत नाही. रागावू नकोस, काळजीने लिहिलंय.
तुझा दादा, कमलाकर

अल-खोबर, ६ एप्रिल

ती. दादास,
सा. न.
तुझं ऐकलं नाही. मंगळवारी मी बागेत असतानाच बुलडोझर आला, सोबत गिरीश आणि बंदूकवाले पहारेकरी. मासूमाबाईंचा मुलगा इब्राहीम झाडाला मिठी मारून उभा राहिला. त्याला ओढून काढलं, काठ्यांनी झोडपलं. तो उठून पुन्हा झाडाकडे गेला, तेव्हा गळ्यात गोळी घातली. तो पाटात आडवा पडला आणि पाणी अडलं.

ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांग, असं त्यांनी गिरीशला फर्मावलं. गिरीशने वर चढून किल्ली काढली आणि झऱ्यात फेकली. मग बंदुकीच्या दस्त्यांनी त्याचा जबडा फोडला. मी ओरडत होते, मराठीत. मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या मासूमाबाईंनी स्वतःची ओढणी माझ्याकडे टाकली. म्हणाल्या, याचं रक्त थांबव, माझ्याचं थांबलं.

दुपारी दुसरा बुलडोझर आला. बाग गेली, झरा बुजवला.

काल मासूमाबाईंना भेटले. प्रबंधात नावं बदलू का, असं विचारलं. इब्राहीमचं नाव बदललंस तर माझ्या दारात येऊ नकोस, म्हणाल्या.

गिरीशला काढलंय. कारण दिलंय, जागा स्थानिक माणसाला द्यायची आहे. ते वाचून तो तारेने बांधलेल्या जबड्यातून हसायला गेला आणि रडला.

शुक्रवारी निघतोय. त्याला चावता येत नाही, वहिनीला म्हणावं पेज लागेल. आणि मला मागची खोली दे. लिहायला बसायचंय.

आहोत तसे जवळ घ्या.
तुझी, अवंती