लोकांना चालतं

प्रिय नंदाअक्का,

फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. साताऱ्याचं घर आवरलं. आबांचे कपडे शेजारच्या दादासोकाकांकडे दिले. पदकं तुझ्यासाठी ठेवली आहेत; चित्रीकरणाच्या दिवशी ती कोटावर लावायला तूच सांगायचीस.

तुझं चॅनेल मला आवडायचं, हे कधी बोलले नव्हते. रिटायर्ड सुभेदार हंबीरराव, म्हणजे आपले आबा, गच्चीवर खुर्ची टाकून बर्फातल्या चौकीच्या गोष्टी सांगतायत, मध्येच 'थांब जरा, चष्मा कुठं गेला' म्हणतायत आणि कुठली कुठली माणसं ऐकत बसली आहेत. मग जाहिराती आल्या. आधी चटणी, नंतर बूट. लोक उठून जात नाहीत का, असं मी विचारलं, तेव्हा तू किती जण बघत राहतात त्याचा आलेख पाठवलास. इतरांच्या व्हिडिओत जाहिरात लागली की रेषा कोसळते. आबांची सपाट राहायची. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आबा सांगत्यात म्हंजे खरंच आसणार.' तू त्याला बदाम दिलास आणि मला लिहिलंस, लोकांना चालतं गं.

मग मधुमेहावरचा काढा आला. 'मी सुया बंद केल्या, आता फक्त हा काढा' ही ओळ तुझी. आबा म्हणाले, आगं पण मी तर रोज टोचून घेतो की. तू म्हणालीस, जाहिरात आहे आबा, लोकांना कळतं तेवढं. हे त्यांनीच मला सांगितलं, इथे सांगलीत, आमच्या दवाखान्यातल्या खाटेवर. लोकांना कळतं की नाही, मला माहीत नाही. आबांना कळलं नाही. 'क्यामेऱ्याफुडं बोल्लोय, लेकी. मागनं सुई टोचली तर खोटारडा ठरलो की न्हाई?' त्या दिवसापासून त्यांनी इन्सुलिनला हात लावला नाही. मी फोन केला की 'लय झ्याक हाय' म्हणायचे. फ्रिजमध्ये इन्सुलिनची पेनं सील न फोडता नीट ओळीने लावलेली होती, तुझ्या बाटल्यांच्या मागे. तू पुण्याहून यायचीस तेव्हा पुढच्या बाटल्यांचाच फोटो काढायचीस.

पायाची जखम बुटाने झाली होती. कोणत्या, ते लिहीत नाही. त्यांचं रक्त आमच्या लॅबमध्ये मीच तपासलं. साखर यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली, म्हणून नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागला. तोवर जखमेचं विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टरांनी तुला हृदयाचं सांगितलं असेल तर ते शेवटचं कारण. पहिलं मी वर लिहिलं आहे.

दहाव्याला कोयनानगरहून एक म्हातारे फौजी आले होते. तू आत बायकांत होतीस. त्यांनी फोटोला सॅल्यूट केला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, 'बाई, आबा पीत व्हते ती बाटली कुठं मिळंल? माज्या मंडळींच्या सुया बंद करायच्यात.' ती जाहिरात अजून चालू आहे, अक्का. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, आवं, मी सवता ऐकलंय त्यांच्या तोंडनं.

काल तुझा निरोप मिळाला. श्रद्धांजलीच्या व्हिडिओसाठी आबांची शेवटची क्लिप हवी, काढावाले खर्च उचलायला तयार आहेत. क्लिप पाठवली आहे. ती मी त्यांना आयसीयूत नेण्याआधी घेतली होती. आबा म्हणतात, 'नंदाला सांग, काढ्याचा कोर्स पुरा झाला न्हाई माज्याकडनं. कंपनीच्या लोकांफुडं पोरीचा शब्द पडला. तिला म्हणावं, आबा चुकला.' मी त्यातलं काही कापलेलं नाही. तूही कापू नकोस. जाहिरात कुठेही घाल, रेषा खाली येणार नाही. लोकांना चालतं.

तुझीच,
देवयानी